दारात काढलेल्या चपला

आबा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी पायाकडे. मी भुसावळला त्यांची खोली भाड्याने मागायला गेलो, तेव्हा ते ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. मी म्हटलं, "आबा, खोली हाये का?" त्यांनी मान वर केली नाही. नुसतं म्हणाले, "पाय उचल." मी उचलला. त्यांनी माझ्या पायातली चप्पल काढून घेतली, दोन्ही टोकं धरून वाकवली, नाकाला लावली, परत पायाजवळ टाकली आणि शेंगा सोलायला लागले.

"खोली शे," म्हणाले. "पण हाई चप्पल पुठ्ठानी शे."

ते धुळ्याकडचे, म्हणून त्यांचं 'शे'. मी नशिराबादचा, आमच्याकडे 'हाये'. पुढे मी इतकी वर्षं त्यांच्या घरात राहिलो, पण ना त्यांचं शे सुटलं ना माझं हाये. ते मला म्हणायचे, तुला बोलता येत नाही. मी म्हणायचो, तुम्हाला येत नाही.

आबा आता नाहीत. भुसावळला अजून लोक सांगतात, तो ना, चपला हुंगणारा वेडा. जे असं सांगतात त्यांनी आबांना लांबून पाहिलेलं. मी तिसरीतून शाळा सोडलेला माणूस, माझ्या लिहिण्यात चुका निघतील. नातू आत्ताच डोकावून हसून गेला. हसू दे. आबांबद्दल लिहायचं तर ते मीच लिहिणार, दुसऱ्या कुणाला ते जमायचं नाही.

आबा रेल्वेत गेटमन होते. फाटक पडलं की दोन्ही बाजूला माणसं थांबायची, आणि आबा केबिनच्या पायरीवर बसून त्यांचे पाय बघायचे. पायरी बुटकी, त्यामुळे दिसायचे ते पायच. मालगाडी लांबलचक असली की त्यांना बरं वाटायचं, जास्त पाय बघायला मिळायचे. चामडं ओळखायला कुठे शिकले हे कुणालाच नक्की माहीत नाही. मला सांगितलं होतं, फाटकाजवळ एक म्हातारा मोची बसायचा, त्याने शिकवलं. त्यांच्या बायकोला, म्हणजे अक्काला, सांगितलं होतं की वडिलांकडून आलं. शेजारच्या गार्डसाहेबाला म्हणाले होते, एका लग्नात नवऱ्या मुलाचा बूट पाण्यात विरघळलेला पाहिला, तेव्हापासून नाद लागला. मी एकदा या सगळ्या गोष्टी त्यांच्यापुढे मांडल्या आणि विचारलं, खरं काय? ते म्हणाले, "तुले कोनती आवडनी?"

दुकानात खरेदीला जाताना लोक त्यांना घेऊन जायचे. लग्नसराईत तर नवरदेवाचे बूट, सासऱ्याचा पट्टा, कुणाची पर्स, रोज कुणी ना कुणी दारात. आबा कधी नाही म्हणाले नाहीत आणि कधी कुणाचा चहाही घेतला नाही. फक्त एकच अट असायची, दुकानात मी बोलीन, तुम्ही गप बसायचं. गप बसणं कुणाला जमायचं नाही, आणि गोड बोलणं आबांना.

माझा मुलगा दीपनगरच्या वीज केंद्रात लागला तेव्हा त्याला चांगली चामड्याची बॅग घ्यायची होती. आम्ही तिघं जळगावला गेलो. पहिल्या दुकानात मालकाने एक काळी कुळकुळीत बॅग समोर ठेवली. एक डाग नाही, एक रेघ नाही. मालक म्हणाला, "आबा, प्युअर लेदर आहे. हात तर लावून बघा."

आबांनी हात लावला. अंगठा दाबला. खऱ्या चामड्यावर अंगठा दाबला की भोवती बारीक सुरकुत्या पडतात, आपल्या हाताच्या कातडीवर पडतात तशा. रेगझीनमध्ये नुसता खड्डा पडतो. मग त्यांनी बोट जिभेला लावून थुंकीचा थेंब बॅगेवर टेकवला आणि बघत बसले, जिरतो का. मालकाचं तोंड वाकडं झालं.

"ही कशानी शे?" आबांनी विचारलं.

"म्हशीची."

"म्हैस जिवंत व्हती का कधी?"

"म्हणजे काय आबा?"

"म्हैस जगनी, मंग तिले गोचीड चावी, बाभळीना काटा लागी, दुसऱ्या म्हशीनं शिंग लागी. आंगवर काहीतरी ऱ्हाई. हिले काहीच लागनं नही? हाई कोठली म्हैस, भो?"

मालक म्हणाला, "चांगला माल आहे म्हणून डाग नाही." आबांनी खिशातून काडीपेटी काढली. चामड्याचा धागा जळला तर केस जळल्याचा वास येतो आणि राख होते. रेगझीन वितळून त्याचा गोळा होतो. आबा विडी ओढत नव्हते, काडीपेटी एवढ्यासाठीच बाळगायचे. मालकाने बॅग हिसकावून घेतली आणि आम्हाला रस्ता दाखवला.

मग दुसरं दुकान, मग तिसरं. एका ठिकाणी चामडं खरं निघालं, तर आबा म्हणाले खालचा थर आहे, वरची साल काढून दुसऱ्याला विकली आणि हिच्यावर रंग मारला. एका ठिकाणी सगळं बरं होतं, पण अस्तर उलटून बघू दिलं नाही म्हणून नको. ऊन कलायला लागलं. आम्ही एस्टीने रिकाम्या हाताने परत आलो आणि मुलगा पहिल्या दिवशी कामावर गेला तो बाजाराची कापडी पिशवी घेऊन. ते त्याने आबांना कधी माफ केलं नाही. आजही बॅग म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडते.

देवळाबाहेरही आबा असेच. आत कीर्तन चाललेलं असायचं आणि हे बाहेर चपलांच्या ढिगात बसून एकेक उचलून बघायचे. एकदा एका पोलीसपाटलाने त्यांची मानगूट धरली. "चप्पलचोर सापडला!" म्हणून ओरडला. कीर्तन थांबलं, माणसं बाहेर आली. आबांनी मान सोडवून घेतली आणि शांतपणे म्हणाले, "चोर? अरे, यहामा चोरन्यासारखी एक तरी दखाड. मी लगेच चोरस." लोक हसले, पण प्रत्येकजण आपापली चप्पल शोधून बघायला लागला. त्या दिवशी कीर्तनकाराचीच तेवढी चांगली निघाली, असं आबा नंतर सांगायचे. अक्का त्यांना साबणाने हात धुतल्याशिवाय ताटावर बसू देत नव्हती. "दुनियेचे पाय हातात घेऊन येता," म्हणायची.

आणि एवढं सगळं करून स्वतः आबांच्या पायात काय? निळ्या पट्ट्याची रबरी स्लीपर. जन्मभर तीच. तुटली की दुसरी तशीच. लोक टोमणे मारायचे, सगळ्या गावाचं चामडं पारखता आणि स्वतः रबर घालता. आबा म्हणायचे, "रबर सांगस, मी रबर शे. त्याशी माना काय भांडन नही." त्यांचा राग रेगझीनवर पण नव्हता. रेगझीनची पिशवी रेगझीन म्हणून विकली तर ते शांतपणे बघून पुढे जायचे. रेगझीनने चामडं असल्याचं सांगितलं की मात्र त्यांचं डोकं फिरायचं.

ते चुकायचे का? चुकायचे. मानायचे नाहीत. मी एकदा त्यांना न विचारता एक पट्टा आणला. त्यांनी हातात घेऊन म्हटलं, खोटा. मी म्हटलं, खरा. ते म्हणाले, काडी लावू? मी म्हटलं, माझ्या पट्ट्याला कुणी काडी लावायची नाही. पुढे त्या पट्ट्याचे पापुद्रे निघायला लागले. आबा रोज सकाळी माझ्या कंबरेकडे बघून हसायचे. मी तो पट्टा तसाच वापरला, दोन तुकडे होईपर्यंत. तो चामड्याचाच होता हे मी आजही सांगतो. वरचा रंग खराब होता एवढंच.

आता माझ्या नातीची गोष्ट सांगतो. आबा काय माणूस होते हे त्या दिवशी मला जेवढं कळलं तेवढं आधीच्या सगळ्या वर्षांत नव्हतं.

नात नर्सिंग शिकली, भुसावळच्या एका दवाखान्यात नोकरीला लागली. माझ्या मुलाचं एकच म्हणणं होतं, जावई नोकरीवाला किंवा धंदेवाला पाहिजे, शेतात जाणारा नको. हे तो माझ्यासमोर म्हणायचा. माझा जन्म दुसऱ्यांच्या केळीच्या बागांत घड कापण्यात गेला, त्याच पैशावर तो शिकला. पण म्हटलं, जाऊ दे. त्याची पोरगी आहे.

रावेरकडून एक स्थळ आलं. घरी केळीची बाग, पण पोराची म्हणे ठिबकच्या नळ्यांची एजन्सी. पोरगा नि पोरगी फोनवर बोलले, आणि पोरीच्या तोंडावर ते दिसायला लागलं. बघायला येण्याचा दिवस ठरला तेव्हा ती माझ्याजवळ येऊन बसली. "बाबा, मला हे स्थळ आवडलंय. त्या दिवशी आबांना आणू नका."

मी म्हटलं, "आबा काय करणार हायेत?"

"चपला बघतील."

"मग बघू दे की."

"बाबा, हात जोडते. ही माणसं उठून गेली तर मला परत त्यांना फोन करता यायचा नाही."

मी आबांना आणलं. घरात बघण्याचा कार्यक्रम आणि आबा नाहीत, हे मला पटणारं नव्हतं.

मुलाचं दीपनगरचं क्वार्टर पहिल्या मजल्यावर. आबा आत बसले नाहीत. म्हणाले, गर्दीत दम लागतो. जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले, आणि पाहुण्यांनी चपला बरोबर त्यांच्या पायाशी काढल्या. पोरगा, त्याचे वडील, एक काका. मुलाने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका.

आत पोहे झाले, बोलणं सुरू झालं. पोराचे वडील बोलायला जोरदार. "आमचं सगळं अस्सल असतं बघा. पोराला सांगितलं, पाहुण्यांकडे जायचं तर चांगली चामड्याची चप्पल घाल. आग्र्याचा माल आहे." मुलाने शेतीचं विचारलं. ते म्हणाले, "छे, बागेचं सगळं मजूर बघतात. याच्या पायाला आम्ही माती लागू देत नाही. सकाळी एजन्सी, संध्याकाळी घर." माझा मुलगा खूश. नात चहा घेऊन आली, खाली मान घालून कप दिले. सगळं नीट चाललं होतं.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. "ओ भाऊ! आठे ये."

आबांना हळू बोलता येत नव्हतं. जन्मभर गाड्यांच्या आवाजावर बोललेला माणूस. मी बाहेर गेलो तर त्यांच्या हातात पोराची काळी चप्पल. मी दात खाऊन म्हटलं, "आबा, ठेवा ती खाली."

"खोटी शे."

"हळू बोला!"

"थुंकी जिरत नही. चामडाना वास नही, डिझेलना वास येस. वर एक डाग दिसत नही. खोटी शे."

आतलं बोलणं बंद पडलं. पोराचे वडील दारात आले. "काय झालं? कुणाची चप्पल खोटी?"

आबा उठले नाहीत. "तुना पोऱ्यानी. तू आत्ते सांगं, चामडानी शे. मंग बाकी जे सांगं ते बी असंच शे का?"

माझा मुलगा लाल झाला. "आबा, बस झालं! तुम्ही माझी बॅग खाल्ली, आता पोरीचं लग्न खाताय!" पोराचे वडील आपल्या चपला शोधायला लागले. "घरी बोलावून पाहुण्यांच्या चपला तपासता? चल रे, उठ. आपल्याला स्थळं कमी नाहीत." काका आधीच जिन्यावर. मी मागे वळून पाहिलं. नात स्वयंपाकघराच्या दारात रिकामा ट्रे छातीशी धरून उभी होती. माझ्याकडेच बघत होती.

पोरगा अनवाणी बाहेर आला. वडिलांना म्हणाला, "थांबा जरा." आबांसमोर उकिडवा बसला. "आबा, चामडंच आहे."

"मंग मी खोटा?"

"तसं नाही. तुमच्याकडे काडी आहे ना? लावा."

"जळी जाई."

"जळू द्या."

आबांनी काडी ओढली. पट्ट्याचं आतल्या बाजूचं टोक होतं, त्याला लावली. आधी पॉलिश चरचरलं. मग वास आला. केस जळल्याचा. जिन्यात सगळ्यांना आला. टोकाला गोळा झाला नाही, राख झाली. आबांनी ती बोटांत चोळली, हुंगली, परत चोळली, परत हुंगली.

"झालं समाधान?" माझा मुलगा म्हणाला. पोराचे वडील मोठ्याने हसले. "म्हाताऱ्याचं नाक गेलं म्हणायचं! चला, आत चला, चहा गार होतोय."

मी चप्पल आबांच्या हातातून घेतली, खाली ठेवायला. तर माझं बोट चिकटलं. काडीने जिथलं पॉलिश गेलं होतं, तिथे तपकिरी डाग होता, आणि तो चिकट होता. मी आबांसारखा चामड्यातला नाही. पण तो डाग मला कुणी सांगायला नको. माझ्या प्रत्येक सदऱ्यावर तो होता, धुवून धुवून सदरा फाटायचा पण तो जायचा नाही.

"हा केळीचा चीक हाये," मी म्हटलं. "आजचा हाये."

"छे छे," पोराचे वडील म्हणाले. "तो कशाला बागेत..."

"मी तुम्हाले नाही विचारलं. याले विचारतो. आज बागेत होता का रे?"

पोराने वडिलांकडे बघितलं, मग खाली. "हो. सकाळी गाडी भरली. मजूर आले नाहीत, माल कापून पडलेला. ठेवला असता तर पिकून गेला असता. निघायच्या घाईत हीच चप्पल पायात होती. मग डिझेलने पुसली आणि वरून पॉलिश मारलं."

"रोज जातोस?"

"रोज. एजन्सी काकाची आहे. मी संध्याकाळी तिथे बसतो तेवढंच."

काका जिन्यावरूनच खाली बघायला लागला. आबा एकदम खुर्चीत ताठ झाले. "मी सांगं ना! मी सांगं ना, काहीतरी खोटं शे!"

"आबा, गप बसा," मी म्हटलं. पण त्यांचा चेहरा असा फुलला होता की बघण्यासारखा.

माझा मुलगा पोराच्या वडिलांना म्हणाला, "तुम्ही तर म्हणालात, पायाला माती लागत नाही." त्यांनी पोराकडे बघितलं. पोरगाच बोलला, पण माझ्या मुलाशी नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून. "शेतीत काम करतो म्हटलं की माणसं पोरगी दाखवतच नाहीत. म्हणून घरचे असं सांगतात. फोनवर मी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. रोज ठरवायचो."

"मग आता सांगून काय उपयोग?" माझा मुलगा म्हणाला. "विषय संपला."

नात ट्रे घेऊन बाहेर आली. सगळ्यांच्या मधून आली आणि पोराला विचारलं, "डिझेलने कुणी पुसायला सांगितलं?"

"कुणी नाही. मीच."

"डिझेलने चीक जात नाही. पसरतो."

पोरगा म्हणाला, "आता कळलं."

"तू आत जा," मुलगा तिला म्हणाला. ती गेली नाही. "पप्पा, मी दिवसभर दवाखान्यात रक्त पुसते. चिकाचं काय एवढं? बसू द्या त्यांना. मी चहा परत टाकते." मग पोराच्या वडिलांकडे वळून म्हणाली, "आता मात्र जे सांगाल ते खरं सांगा, काका."

पोराचे वडील म्हणाले, "सांगतो माय." इतका वेळ त्यांचा आवाज जिना भरून होता, आता तो आमच्यासारखाच निघाला. माझा मुलगा भिंतीला हात टेकून वाट अडवून उभा होता. मग बाजूला सरकला आणि पाहुण्यांना आत जायला वाट दिली. मला वाटलं, झालं, निभावलं. मी पण वळलो.

"थांब," आबा मागून म्हणाले.

मुलाने कपाळावर हात मारला. "आता काय राहिलं, आबा?"

"जोड शे ती. एक देखीसन कसं चाली? दुसरी दे."

नात हसली. त्या दिवशी पहिल्यांदा. पोरगा आत चालला होता तो परत आला. त्याने दुसरी चप्पल उचलली, सदऱ्याच्या टोकाने तिचा तळ पुसला, आबांच्या हातात दिली, आणि त्यांचं काडी लावून हुंगून होईपर्यंत शेजारी पायरीवर बसून राहिला.